डॅडारिओ क्रोम्स फ्लॅटवाउंड ४५-१००: बेसचा टोन शोधताय तर आधी तारा बदला, पेडलचं नंतर बघू

सरळ मुद्द्यावर येते. बेस गिटारवर साधारणपणे ज्या राउंडवाउंड तारा असतात त्या काढून मी डॅडारिओच्या क्रोम्स लावल्या, फ्लॅटवाउंड, ४५-१०० चा सेट (आकडे म्हणजे तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लावल्या त्या अजून तशाच आहेत आणि बदलायची इच्छा पण नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण ज्यांना एवढंच वाचून निघायचंय त्यांच्यासाठी सांगते, "माझा बेस माझ्यासारखा वाजतच नाही" म्हणून तुम्ही रात्र रात्र पेडलचे (पायाशी ठेवायच्या, आवाज बदलणाऱ्या डब्यांचे) व्हिडिओ बघत बसला असाल तर आधी हा सेट घ्या, पेडल कुठे पळून जात नाहीत.

माझं सामान सांगते म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. बेस यामाहा टीआरबीएक्स १७४, चार तारांचा, पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी-बिटरी काही नाही, पी आणि जे असे दोन पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबक), दोन व्हॉल्यूम, एक टोन, संपलं. राहते नौपाड्यात, नोकरी ऐरोलीला, आणि वाजवते दोन ठिकाणी. एक आमचा मराठी-हिंदी गाण्यांचा वाद्यवृंद, म्हणजे गणपती, नवरात्र, कोजागिरी, सोसायट्यांचे वर्धापनदिन, लग्नाच्या आदल्या दिवशीचे संगीत असलं सगळं, आणि दुसरं म्हणजे ऑफिसातल्या तिघाचौघांबरोबर खारघरच्या एका जॅमपॅडमध्ये (भाड्याने मिळणारी सरावाची खोली) रविवारचं रॉक. दोन्हीकडे बेस तोच, तारा त्याच, त्यामुळे हे काही बेडरूममध्ये हेडफोन लावून ठरवलेलं मत नाही.

फ्लॅटवाउंड म्हणजे काय हे ज्यांना माहितीये त्यांनी पुढचा पॅरा सोडला तरी चालेल.

बेसच्या जाड तारेत आत एक स्टीलची तार असते आणि तिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. राउंडवाउंडमध्ये ही वरची तार गोल असते, म्हणून नख फिरवलं की करकर होतं, वेटोळ्यांच्या मधे बारीक खाचा असतात. फ्लॅटमध्ये गोल तारेच्या जागी चपटी पट्टी गुंडाळतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतात, बोट सटकन सरकतं, आवाजच नाही. खाचा नसल्यामुळे वरचे तीक्ष्ण स्वर कमी होतात, फ्रेट (बोटं दाबतो तिथल्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कमी झिजतात, आणि घाम-मळ अडकायला जागा राहत नाही. आणि हे काही नवीन फॅड नाही बरं का, उलट आहे, लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन हा इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला तेव्हा सगळे फ्लॅटच वाजवत होते. राउंडवाउंड बेसवर रुळल्या त्या साठच्या दशकात, रोटोसाउंड या तारांच्या कंपनीने इंग्लंडमध्ये 'द हू' बँडच्या बेसिस्टला, जॉन एंटविसलला, सोबत घेऊन त्या तयार केल्या त्यानंतर. म्हणजे आपण ज्याला "नॉर्मल" बेसचा आवाज म्हणतो तो मुळात बंडखोरांचा आवाज होता.

आता ठाणे-नवी मुंबईकरांसाठी खास मुद्दा, कारण परदेशी रिव्ह्यूमध्ये हा कुणी सांगत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर डब्यातला पापडसुद्धा सादळतो. त्यात बेस पाठीला लावून ट्रान्स हार्बर लोकलने जायचं, गर्दीत ती गिग बॅग छातीशी धरून उभं राहायचं, जॅमपॅडमध्ये एसी फुल, बाहेर आलं की परत घाम. राउंडवाउंडचं या हवेत काय होतं ते सगळ्यांना माहितीये, नवीन सेट लावला की दोन-चार कार्यक्रम मस्त झणझणीत वाजतो आणि मग हळूहळू मरतो, खाचांमध्ये घाम साठून काळपट होतो, आणि तुम्हाला वाटतं पेडल बिघडलं की अँप बिघडला, कारण कालपर्यंत हाच आवाज चांगला येत होता. टोन शोधणाऱ्या माणसाला हे फार छळतं. आज मिळालेला आवाज महिन्याने हातात राहतच नाही, परत नॉब फिरवा, परत नवीन सेटिंग, म्हणजे तुम्ही स्वतःचा टोन शोधत नसून मरत चाललेल्या तारेचा पाठलाग करत असता. क्रोम्सचं तसं होत नाही. सुरुवातीला थोड्या चमकतात, मग काही आठवड्यांत बसतात, आणि एकदा बसल्या की बसल्या. कार्यक्रम झाला की कोरड्या फडक्याने पुसायच्या एवढंच. आणि एक गोष्ट खात्रीशीरपणे तशीच राहिली की बाकीच्या गोष्टी ऐकू यायला लागतात, हात, पिकअप, अँप, खोली.

लावताना मात्र जरा सांभाळून. आमच्या ओळखीत गिटार दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्या टेबलावर बसून लावल्या, आणि बरं झालं, कारण मी पक्कड घेऊन तार कापायला गेले तर ते ओरडलेच, "अगं थांब, आधी वाकव, मग काप." तार खुंटीच्या लांबीएवढी सोडून आधी काटकोनात वाकवायची आणि वाकलेल्या भागाच्या पुढे कापायची, नाहीतर वरची पट्टी आतल्या तारेवर सैल पडू शकते आणि ती तार कायमची मेलेली वाजते. आणि सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, एक काढा एक लावा. फ्लॅट त्याच मापाच्या राउंडपेक्षा ताठ असतात, त्यामुळे लावल्यावर नेक (बेसची लांब मान) थोडी पुढे ओढली जाते, म्हणजे मधे खोलगट होते, तारा वर उचलल्यासारख्या वाटतात. काकांनी ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायला लावली आणि मधल्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मधली फट बघितली, मग ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) पाव वळसा घट्ट केला, चहा पाजला, परत बघितली. चहा हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे, कारण लाकडाला जागेवर यायला वेळ लागतो आणि घाईघाईत वळसे मारत सुटणाऱ्यांनीच नेक वाया घालवलेल्या आहेत. शेवटी बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवून ब्रिजचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, मागेपुढे केले. तारांच्या किमतीत हे सेटअपचे पैसे धरूनच चाला, सेटअप न करता फ्लॅट लावून "हाताला जड आहेत" म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

आवाज. घरी पहिल्यांदा लावून वाजवल्या तेव्हा वाटलं, अरे या काही एवढ्या बंद नाहीत, कारण फ्लॅट म्हणजे उशीखाली ठेवलेला बेस असं ऐकलं होतं. क्रोम्स फ्लॅटमधल्या त्यातल्या त्यात उजळ समजल्या जातात आणि ते खरंय. स्वराची सुरुवात ठप्पकन होते, लगेच गोल होते, आणि मग तो स्वर राउंडसारखा लांबवर झिणझिणत न राहता शांतपणे खाली बसतो. राउंड असताना माझा टोनचा नॉब अर्ध्यावर असायचा, वरची करकर मारायला, आता तो पूर्ण उघडा असतो आणि जे काय येतं ते सगळं उपयोगाचं असतं. पॅसिव्ह बेसमधला टोन नॉब करतो काय, तर वरचे स्वर एका कपॅसिटरमधून जमिनीत घालवतो, बस्स. जे मुळात तुम्हाला नकोच आहे ते तारेतूनच आलं नाही तर घालवायची वेळ येत नाही.

पण खरी परीक्षा वाद्यवृंदात झाली. आणि इथे जरा सविस्तर लिहिते, कारण इंटरनेटवर बेसचं जे ज्ञान मिळतं ते सगळं ड्रम-गिटार-बेस असं धरून चाललेलं असतं. आमच्याकडे खालच्या पट्टीत केवढी गर्दी असते याची रॉकवाल्यांना कल्पना नाही. तबल्याचा डग्गा आहे, ढोलकीची डावी बाजू आहे, ऑक्टोपॅडवाला पायाने किक मारतोय, आणि कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला बेस वाजवायची सवय आहे, बेसवाला नसला तर तो वाजवतोच, असला तरी वाजवतो. या सगळ्यांत तुम्ही खालची बाजू फुगवून गेलात की साउंडवाला पहिल्या गाण्यालाच हात वर करतो, "मॅडम, बेस गुंजतोय, कमी करा", आणि तुम्ही कमी केलं की तुम्ही गेलात, मग स्टेजवर फक्त बोटं हलताना दिसतात. राउंडने वाजवताना माझं हेच व्हायचं, वरून टणटण आणि खालून घूं, मधे काही नाही. डग्गा घुमतो तोच पट्टा बेसच्या ई आणि ए तारेचा, तिथे भांडून उपयोग नाही, डग्गा जिंकणार, आणि जिंकायलाच पाहिजे, लावणीत तर बेसवाल्याने त्याच्या वाटेला जाऊच नये. बेसला जागा सापडते ती त्याच्या वर, साधारण ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास, जिथे स्वर कुठला आहे ते कानाला कळतं. फ्लॅटचा आवाज मुळातच तिथे भरलेला असतो. आधी एकटं ऐकून मला तो जरा नाकातला वाटला होता, सगळ्यांबरोबर तोच आवाज बरोब्बर बसला. आमचा ढोलकीवाला, जो आयुष्यात कुणाचं कौतुक करत नाही, तो मध्यंतरात वडापाव खाताना म्हणाला, "ताई, आज तुझी सम ऐकू आली." मला तेवढं पुरे.

अजून एक गोष्ट जी फक्त आपल्याकडच्या बेसवाल्यांनाच कळेल. आपले गायक फक्त ई आणि ए मध्ये गात नाहीत. आमची एक गायिका काळी चारला गाते, एक दादा काळी दोनला. काळी चार म्हणजे जी शार्प, ते ठीक आहे, ई तारेचा चौथा फ्रेट. पण काळी दोन म्हणजे डी शार्प, चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे गाण्याचा खालचा षड्ज तुमच्या बेसच्या बरोब्बर अर्धा स्वर खाली, हातातच नाही. मग एकतर ए तारेवर सहाव्या फ्रेटला वरचा षड्ज धरून बसा, किंवा अख्खा बेस अर्धा स्वर उतरवा. राउंडचा पातळ सेट उतरवला की तारा लोंबकळायला लागतात, फ्रेटवर फडफडतात. क्रोम्स ताठ असल्यामुळे अर्धा स्वर उतरवूनही घट्ट राहतात, हातातला फरक जेमतेम कळतो. मी आता दादांची गाणी सलग ठेवायला सांगते आणि मधल्या निवेदनात उतरवून घेते.

आणि मींड! म्हणजे बेसवर मींड म्हणणं जरा धाडसाचं आहे, फ्रेट आहेतच मधे, पण सहाव्यावरून चौथ्यावर बोट घसरवत आणलं तर राउंडवर सर्र असा आवाज आधी येतो आणि स्वर नंतर. फ्लॅटवर फक्त स्वर येतो. भावगीतं वाजवणाऱ्यांनी एकदा करून बघा, परत मागे जाणार नाही.

आता ज्याला सगळे "सिग्नेचर टोन" म्हणतात त्याबद्दल माझं मत. लोक विचारतात अमुक बेसिस्टचा आवाज काढायला कुठला पेडल, आणि मला दरवेळी दोन माणसं आठवतात. एक जेम्स जेमरसन, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य रेकॉर्डवर ज्याचा बेस आहे. १९६२ चा प्रिसिजन, ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट तारा ज्या तुटल्याशिवाय तो बदलायचा नाही, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताचं एकच बोट. दुसरा जॅको पास्टोरियस, १९६२ चाच जॅझ बेस, पण फ्रेट काढून टाकलेले, फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा थर, वर रोटोसाउंडच्या राउंडवाउंड, आणि मागचा पिकअप. एकाच कंपनीचे, एकाच सालचे बेस, आणि दोन ओळी ऐकून आंधळ्यालाही कळेल कोण कुठला. बघा, दोघांच्याही यादीत पहिल्या गोष्टी कुठल्या आहेत, तारा, बोटं, पिकअपची जागा. फरशीवर ठेवायचं काहीच नाही.

आणि फ्लॅट म्हणजे म्हाताऱ्यांचा मंद आवाज म्हणणाऱ्यांसाठी तिसरं नाव ठेवलंय, आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस. तो खडखडणारा, घोड्यासारखा दौडणारा बेस फ्लॅटवर वाजतो, रोटोसाउंडने त्याच्या नावाचा सेट काढलाय तो फ्लॅटवाउंडच आहे. २००८ च्या फेब्रुवारीत ते बांद्र्याला वाजवून गेले तेव्हा ज्यांनी ऐकलं असेल त्यांना आठवत असेल. तो खडखडाट तारेतून कमी आणि त्याच्या बोटांच्या फटक्यातून जास्त येतो, तार फ्रेटवर आपटते इतक्या जोरात मारतो. म्हणून खारघरच्या रविवारच्या रॉकमध्ये पण मी तारा बदलत नाही, हात बदलते. ब्रिजच्या जवळ, मागच्या पिकअपवर बोटं ठेवून जोरात मारलं की कडक आवाज येतो, नेकच्या टोकापाशी सरकून अंगठ्याच्या पोटाने वाजवलं की जवळजवळ डबल बेस. कारण साधं आहे, तारेच्या टोकाजवळ छेडलं की वरचे अंशस्वर (मूळ स्वराबरोबर निघणारे बारीक वरचे स्वर) जास्त निघतात, मधल्या बाजूला छेडलं की मूळ स्वर जास्त. हे राउंडवर पण होतंच की, पण तिथे करकरीच्या खाली झाकलं जातं. फ्लॅटवर उजवा हात बोटभर सरकला तरी ऐकू येतं, आणि हो, उजवा हात आळशी असला तर तेही ऐकू येतं.

स्पंजचा प्रयोग पण केला. जांभळी नाक्याच्या बाजारातून फोमचा तुकडा घेतला, तारांच्या खाली ब्रिजला चिकटून बसेल एवढा कापला. जुन्या हिंदी गाण्यांना कमाल, स्वर लगेच संपतो, मधे मोकळी जागा राहते. मात्र फोम जास्त उंच कापू नका, तार वर ढकलली गेली की सुरात राहत नाही. गाणं झालं की काढून गिग बॅगच्या खिशात.

पेडलबद्दल विचारणारच तुम्ही, म्हणून पटकन. झूम बी१ फोर आहे माझ्याकडे, छोटा मल्टिइफेक्ट, चार पेन्सिल सेलवर चालतो, एका वेळी पाच इफेक्ट लागतात, हेडफोन लावून रात्री सराव करायला उत्तम आणि ट्यूनर चांगला आहे. फ्लॅट लावल्यापासून त्यातल्या साखळीतल्या बऱ्याच गोष्टी बंद झाल्या, कॉम्प्रेसर (लहान-मोठे स्वर एका पातळीवर आणणारा) राहिला तोही हलका. स्टेजवर बॉसचा सात पट्ट्यांचा बेस इक्वलायझर, जीईबी-७, त्यात ५० हर्ट्झ जरा खाली, ८०० जरा वर, बाकी सरळ रेषेत, याच्यापुढे मी जात नाही. आमच्या रविवारच्या ग्रुपमधल्या एकाकडे सॅन्सअँपचा जुना बेस ड्रायव्हर डीआय आहे (बेसचा आवाज रंगवून थेट मिक्सरला पाठवणारा पेडल), तो १९९२ पासून येतोय आणि कितीतरी जणांचा आवडता आहे, पण जुन्या मॉडेलमध्ये मिडचा नॉबच नाही आणि त्याचा स्वभाव मधला आवाज खाली दाबायचा आहे. राउंड आणि पिकने वाजवणाऱ्याला तो गोड लागतो, फ्लॅटला जे सोनं मिळालंय तेच तो काढून घेतो. तुमचा आधीचा पेडल तारा बदलल्यावर आवडेनासा झाला तर दचकू नका, तो दुसऱ्या आवाजासाठी लावलेला होता. केबलबद्दल एवढंच की पॅसिव्ह बेसला लांबच लांब केबल लावली की वरचे स्वर वाटेतच गळतात, आणि फ्लॅटकडे ते मुळात मोजकेच असतात, तेव्हा स्टेजवर छोटी केबल आणि पायाशी डीआय बॉक्स (सिग्नल लांबच्या केबलसाठी तयार करणारा डबा), तिथून पुढे साउंडवाल्याला काय लांबी लावायची ती लावू दे.

आता अर्धा मार्क.

एक, स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवणं. होत नाही असं नाही, पण अंगठा मारल्यावर जो खण्ण आवाज हवा असतो तो येत नाही, थड् येतो. आपल्या मुंबईच्या बेसिस्ट मोहिनी डे सारखं वाजवायचं स्वप्न असेल तर (माझं आहे, पण ते तारांमुळे अडलेलं नाही) हा सेट तुमच्यासाठी नाही.

दोन, रील. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा, मोबाइलचा स्पीकर त्याच्या आसपाससुद्धा जात नाही. तरीही मोबाइलवर आपल्याला बेस "ऐकू" येतो तो वरच्या अंशस्वरांमुळे, ८२, १२३, १६४ असे जे वर वर जातात ते ऐकून डोकं खालचा स्वर आपोआप भरून काढतं. फ्लॅटमध्ये हे वरचे कमी, त्यामुळे कार्यक्रमाची क्लिप मोबाइलवर लावली की मी गायब, आई विचारते, "तू होतीस ना गं स्टेजवर?" त्यावर उपाय म्हणजे रेकॉर्डिंगला अगदी थोडा ओव्हरड्राइव्ह, स्वर फाटल्यासारखा वाटणार नाही इतकाच, त्याने अंशस्वर वाढतात आणि मोबाइलवर बेस परत दिसायला लागतो. चालतं, पण दरवेळी लक्षात ठेवायची कटकट आहे.

तीन, पहिले काही दिवस डाव्या हाताची करंगळी बोलते. ताठ तारा, त्यात राउंडची सवय. तारांवर जोर लावून स्वर वाकवायची सवय असेल तर तीही जरा विसरा. हळूहळू हात बसतो, पण नुकताच बेस हातात घेतलेल्या मुलाला मी लगेच हा सेट देणार नाही.

किंमत साध्या राउंडच्या चांगल्या सेटपेक्षा बरीच जास्त पडते, दीडपट-दुप्पट धरून चाला, दुकान आणि ऑनलाइनमध्ये पण फरक असतो. पण राउंड आपल्या हवेत जितक्या वेळा बदलाव्या लागतात ते बघता हिशोब कधीच फिटला, म्हणून किमतीसाठी मार्क कापलेला नाही. खरेदीचा त्रास वेगळाच आहे. ठाण्यात मी ज्या दुकानात आधी विचारलं तिथल्या मुलाने मला शांतपणे राउंडवाउंडचा सेट आणून दिला आणि म्हणाला "मॅडम सेमच आहे, पॅकिंग वेगळं". सेम नाही. पाकिटावर फ्लॅटवाउंड आणि क्रोम्स लिहिलेलं बघा, नंबर ईसीबी८१, मापं ४५, ६५, ८०, १००, लाँग स्केल. आपल्याकडचे बहुतेक बेस ३४ इंची असतात त्यांना लाँग स्केलच लागतो, शॉर्ट स्केल बेस असेल तर त्याचा सेट वेगळा, चुकून त्याला लाँग स्केलचा घेतला तर जाड भाग खुंटीवर वळवायला लागतो आणि तार जाते. ईसीबी८२ म्हणून एक ५०-१०५ चा सेट पण येतो, जाड, जेमरसनच्या दिशेने जायचं असेल तर तो बघा, पण त्याला नटच्या (नेकच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा थोड्या घासाव्या लागू शकतात, ते काम घरी कानशीने करू नका, जाणकाराकडे न्या.

काढलेल्या राउंड तारा फेकू नका. गोल गुंडाळून, कुठली कुठली ती चिठ्ठी लावून, गिग बॅगमध्ये ठेवा. फ्लॅटची सुटी तार इथे मिळायची मारामार आहे, आणि कार्यक्रमाच्या मधे ए तार गेली तर त्या रात्री एक राउंड आणि तीन फ्लॅट असं विचित्र वाजलं तरी वाजलं पाहिजे.